वादळानंतर हरितगृहात छपराआधी सावली. पहिले तीन दिवस निर्णायक

भिलाई (छत्तीसगड) : भिलाई परिसरात पूर्वमोसमी वादळ बहुधा दुपार कलल्यावर येते. अर्ध्या-पाऊण तासात वारा, विजा, पाऊस आणि क्वचित गारा असा धुमाकूळ घालून ते ओसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र असते आणि दुपारी पारा पुन्हा चाळिशी ओलांडतो. ज्या हरितगृहाचे छप्पर आदल्या संध्याकाळी उडालेले असते, तेथील रोपांचे खरे संकट या सकाळी सुरू होते. वाऱ्याने मोडलेली झाडे लगेच दिसतात. वाऱ्यातून वाचलेली, पण नंतरच्या दोन-तीन दिवसांत ऊन, साचलेले पाणी आणि रोग यांना बळी पडणारी झाडे मात्र अनेकदा त्याहून अधिक असतात.

म्हणूनच वादळानंतर हाती घ्यावयाच्या कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. उत्पादकाचे लक्ष साहजिकच फाटलेल्या छपराकडे जाते. प्रत्यक्षात छप्पर दुरुस्त होण्यास दिवस किंवा आठवडे लागतात. रोपांना तेवढी सवड नसते. सावली, पाण्याचा निचरा, आधार, छाटणी आणि रोगनियंत्रण ही कामे आधी व छपराची कायमस्वरूपी दुरुस्ती नंतर, हा क्रम पाळल्यास पिकाचा मोठा भाग वाचू शकतो.

पणाला काय लागते?

पोलाद कारखान्यामुळे भिलाईची ओळख देशभर आहे. १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मात्र शहराची हद्द संपताच दुर्ग जिल्ह्याचा भाजीपाला पट्टा लागतो. धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. भिलाई, दुर्ग आणि रायपूर या शहरांची बाजारपेठ जवळ असल्याने ढोबळी मिरची, काकडी, फुले आणि भाजीपाल्याची रोपे यांसाठी शेडनेटगृहे व पॉलीहाऊस उभारणे या भागात शेतकऱ्यांना सोयीचे ठरते.

ही शेती भांडवलाची आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ मधील मार्गदर्शक सूचनांत, नैसर्गिक वायुवीजन असलेल्या नळीच्या सांगाड्याच्या पॉलीहाऊससाठी २,०८० ते ४,००० चौरस मीटर या गटात प्रति चौरस मीटर ८४४ रुपये खर्च गृहीत धरला होता. म्हणजे सुमारे एक एकराच्या, ४,००० चौरस मीटरच्या पॉलीहाऊसला जवळपास ३४ लाख रुपये होतात. त्यातील निम्मी रक्कम अनुदान म्हणून मिळाली, तरी उरलेले सुमारे १७ लाख रुपये शेतकऱ्याने स्वतः किंवा कर्ज काढून उभे करावयाचे असतात. रोपे, माती, खते आणि मजुरी यांचा खर्च त्याहून वेगळा. वादळाने सांगाडा वाकला, तरी उभे पीक विकून त्या हंगामाचा हप्ता भरता येऊ शकतो. पीकही गेले तर तो आधार उरत नाही.

वारा छप्पर कसे उचलतो?

ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा अचानक उठून किमान एक मिनिट टिकला, तर हवामानशास्त्रात त्यास झंझावात म्हणतात. पूर्वमोसमी काळात तापलेल्या मैदानी प्रदेशावर बंगालच्या उपसागरावरून आर्द्रता पोहोचली की उंच गर्जनमेघ तयार होतात. त्यांतून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीलगत सर्व बाजूंना पसरते आणि काही मिनिटांत वाऱ्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. छत्तीसगडचे मैदान आणि त्याला लागून असलेला पूर्व विदर्भ या दोन्ही भागांत हे दृश्य परिचित आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला तो प्रति चौरस मीटर सुमारे साडेसात किलो असतो. वेग दुप्पट होऊन ८० किलोमीटर झाला की दाब चौपट, म्हणजे सुमारे ३० किलो होतो. पॉलीहाऊसमधील आठ मीटर गुणिले चार मीटरच्या एका चौकटीचा विचार केला, तर हा भार जवळपास एक टन भरतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा कागद वर ओढतो. त्याच वेळी बाजूचा पडदा उघडा किंवा फाटका असेल, तर आत शिरलेला वारा तोच कागद खालून वर ढकलतो. ही ओढ आणि ढकल एकत्र आली की प्रोफाइलमधील झिगझॅग स्प्रिंग निसटते. एका कोपऱ्यातून सुटलेला कागद मग टोकापर्यंत फाटत जातो.

आतले रोप नाजूक का?

हरितगृहातील रोप बाहेरच्या रोपापेक्षा वेगळे वाढलेले असते. सुमारे २०० मायक्रॉन जाडीच्या, अतिनील किरणरोधक कागदातून येणारा प्रकाश विखुरलेला व सौम्य असतो. आत वारा कमी आणि हवेत ओलावा अधिक असतो. अशा वातावरणात पाने मोठी, पातळ आणि कोवळी होतात. त्यांवरील मेणचट थर विरळ राहतो. खोड उंच होते, पण वाऱ्याचे हेलकावे सोसण्याइतके काटक होत नाही.

छप्पर एका रात्रीत नाहीसे झाले की याच पानांवर थेट ऊन पडते आणि कोरडा गरम वारा त्यांतील पाणी झपाट्याने शोषून घेतो. दुसरीकडे, वाऱ्याच्या हिसक्यांनी मुळांचे बारीक तंतू तुटलेले असल्याने पाण्याचा पुरवठा घटतो. खर्च वाढला आणि आवक आटली, अशी रोपाची स्थिती होते. पाने कडेने करपतात, ढोबळी मिरची व टोमॅटोच्या उघड्या फळांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. असा चट्टा पुन्हा भरून येत नाही. काही दिवसांनी त्यावर बुरशी वाढते आणि फळ विक्रीयोग्य राहत नाही.

पहिल्या सकाळची कामे

आत पाऊल टाकण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करणे आवश्यक आहे. पॉलीहाऊसचा सांगाडा लोखंडी असतो; पंप, फॉगर किंवा दिव्याची एखादी तुटलेली तार त्याला चिकटली, तर संपूर्ण सांगाड्यात प्रवाह उतरू शकतो. उडालेला कागद वीजवाहिनीवर अडकला असल्यास तो स्वतः ओढू नये. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बोलवावे. वाकलेल्या कमानीखाली काम करण्यापूर्वी तिला तात्पुरता टेकू द्यावा.

काहीही हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि आतून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे पंचनामा व विमा यांसाठी त्यांचा उपयोग होतो.

त्यानंतर रोपांवर पडलेला कागद प्रथम काढावा. ऊन चढल्यावर अंगावर पसरलेल्या पारदर्शक कागदाखाली उष्णता कोंडते आणि वादळातून वाचलेली रोपे काही तासांत शिजल्यासारखी होतात. कागद ओढत नेल्यास वेली व फांद्या तुटतात. म्हणून तो जागोजागी कापून तुकड्यांनी उचलणे हिताचे.

यापुढचे काम सावलीचे. ५० टक्के सावली देणारे शेडनेट उरलेल्या तारांवर किंवा बांबूंवर, रोपांच्या शेंड्यांपासून हात-दीड हात वर ताणावे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते आणि पुन्हा वारा सुटल्यास जाळी शिडासारखी फुगत नाही. शेडनेट हाती नसल्यास जुन्या सुती साड्या, गोणपाट किंवा बांबूच्या तट्ट्यांवरही पहिले दोन दिवस निभावून नेता येतात. छत्तीसगडात ज्याला पैरा आणि पूर्व विदर्भात तणीस म्हणतात, ते धानाचे वाळलेले काड गादीवाफ्यांवर पातळ पसरल्यास माती तापत नाही. मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. तेथे ओल धरून खोड कुजते.

ही सावली एकदम काढू नये. नवी पालवी दिसू लागली की आधी सकाळचे कोवळे ऊन आणि मग हळूहळू अधिक वेळ, असे आठ-दहा दिवसांत रोपांना उन्हाची सवय करावी.

कोमेजलेल्या रोपाला पाणी द्यावे का?

वादळानंतर सर्वाधिक चुका पाण्याच्या बाबतीत होतात. रोप माना टाकते तेव्हा पाणी देण्याचा मोह होतो. परंतु वाफ्यात आधीच पाणी साचले असेल, तर रोप तहानेने कोमेजलेले नसून मुळे गुदमरल्याने कोमेजलेले असते. चिखल झालेल्या मातीत हवा उरत नाही आणि हवेविना मुळे पाणी शोषू शकत नाहीत. टोमॅटो व ढोबळी मिरची यांची मुळे एक-दोन दिवस अशा स्थितीत राहिली तरी कुजू लागतात.

म्हणून प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावे. कोकोपीटच्या पिशव्यांत लागवड असल्यास तळाची छिद्रे गाळाने बुजली आहेत का, हे पाहावे. वाफ्याचा वरचा थर वाळून पापुद्रा धरू लागला की मुळांना इजा न करता तो हलका मोकळा करावा. माती वाफशावर आल्यानंतरच ठिबकने थोडे थोडे पाणी द्यावे. तत्पूर्वी उपनळ्यांची टोके उघडून आत गेलेला गाळ धुऊन काढावा.

रोपाच्या कोमेजण्याची वेळही बरेच काही सांगते. दुपारी सुकून संध्याकाळी सावरणाऱ्या रोपाची मुळे दुबळी झालेली असतात. सावली मिळाल्यास ते बहुधा वाचते. पहाटेही माना टाकलेल्या रोपाच्या मुळांत किंवा खोडात बिघाड आहे, असे समजून ते तपासावे.

या काळात भरपूर नत्र देणे टाळावे. त्याने कोवळी वाढ जोमाने होते, पण ती पोसण्याची ताकद मुळांत नसते आणि अशी वाढ रोगांना लवकर बळी पडते. नवे शेंडे फुटू लागल्यावर विद्राव्य खतांची सौम्य मात्रा पुरेशी होते.

छाटणी पिकानुसार

मोडलेली प्रत्येक फांदी लगेच कापणे योग्य नाही. फळांवर सावली धरणारे अर्धे फाटलेले पानही काही दिवस उपयोगी असते. लोंबणारे, चिखलात लोळणारे व चेंगरलेले भाग मात्र धारदार कात्रीने स्वच्छ कापावेत. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक पानोरा काढू नये. प्रत्येक ओळीनंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसल्यास रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. काम कोरड्या वेळी, पानांवरील ओल गेल्यानंतर करावे.

टोमॅटो हे सोशिक पीक आहे. खोड चिरले, पण पूर्ण तुटले नसेल, तर दोन्ही भाग जुळवून बारीक काडीचा आधार देऊन चिकटपट्टीने बांधल्यास ते जुळू शकते. आडव्या पडलेल्या खोडावर ओलसर माती चढविली, तर तेथून नवी मुळे फुटतात. ढोबळी मिरचीच्या फांद्या ठिसूळ असतात. त्या ओढून सरळ करण्याऐवजी सुतळीने हळूहळू, दोन-तीन दिवसांत वर घ्याव्यात. झाडावरील मोठी फळे काढून घेतल्यास त्याचा भार हलका होतो.

गुलाबाची मोडलेली दांडी पाच पर्णिका असलेल्या निरोगी पानाच्या वर तिरकी कापावी. तेथून फुटणारा नवा कोंब साधारण सहा-सात आठवड्यांत फुलावर येतो. जरबेराचा गड्डा गाळाखाली दबला असेल, तर तो हाताने मोकळा करणे अत्यंत निकडीचे आहे. गड्डा मातीत गाडला गेल्यास काही दिवसांत कुजतो आणि झाड हातचे जाते. ट्रेमधील भाजीपाल्याच्या रोपांवर गारांचा मार बसला असल्यास वाढीचा शेंडा शाबूत आहे का, एवढेच पाहावे. शेंडा वाचलेले रोप सावरते. शेंडा गेलेली टोमॅटो किंवा कोबीवर्गीय रोपे विक्रीसाठी ठेवू नयेत.

जखमेतून शिरणारे रोग

गारा आणि वाऱ्याने झालेली प्रत्येक जखम बुरशी व जिवाणूंसाठी उघडे दार असते. उष्ण आणि दमट हवेत मुळकूज, रोपे कोलमडणे आणि जिवाणूजन्य मर यांचा धोका अधिक असतो. जिवाणूजन्य मर रोग ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कोमेजलेल्या झाडाच्या बुंध्याचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ तंतू खाली उतरताना दिसले, तर मर रोग जिवाणूजन्य आहे. अशा झाडाला रोगमुक्त करणारे औषध नाही. ते भोवतालच्या मातीसह उपटून शेताबाहेर न्यावे आणि त्या ठिकाणचे पाणी इतर वाफ्यांत जाऊ देऊ नये.

निरोगी झाडांवर छाटणीनंतर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी संरक्षक म्हणून केली जाते. ती डब्यावरील प्रमाणातच, सकाळी किंवा संध्याकाळी करावी. माना टाकलेल्या झाडांवर भर दुपारी केलेली फवारणी पाने भाजते. अनेक औषधे एकत्र मिसळण्याने लाभ होण्याऐवजी अपाय होण्याचीच शक्यता अधिक. फळे तोडणीस आली असल्यास फवारणी व तोडणी यांतील प्रतीक्षाकाळ पाळणे बंधनकारक समजावे.

कीडरोधक जाळी फाटली की पांढरी माशी व फुलकिडे आत शिरतात. टोमॅटोवरील पर्णगुच्छ विषाणू पांढऱ्या माशीमार्फतच पसरतो. जाळीची भोके त्याच दिवशी शिवून घेणे आणि पिवळे व निळे चिकट सापळे लावणे हा स्वस्त उपाय आहे.

पीक ठेवावे की काढावे?

चार-पाच दिवसांनंतर हा निर्णय घेता येतो. त्यासाठी तीन बाबी पाहाव्यात : जिवंत शेंडे असलेल्या झाडांचे प्रमाण, पिकाचे उरलेले आयुष्य आणि पुन्हा लागवडीस लागणारा काळ. संरक्षित शेतीतील काकडी लागवडीपासून पाच-सहा आठवड्यांत तोडणीला येते. निम्मी वेल गेली असल्यास नवी लागवड अनेकदा परवडते. गुलाब व जरबेरा ही काही वर्षे टिकणारी पिके आहेत. त्यांची मुळे व गड्डे निरोगी असतील, तर एक-दोन महिन्यांचे उत्पन्न सोडूनही ती राखणेच योग्य ठरते. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यातील टोमॅटोवर मात्र नवा खर्च करण्यापूर्वी बाजारभावाचा हिशेब मांडावा.

पंचनामा आणि विमा

पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट व पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक असते. त्यासाठी १४४४७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फळे व भाजीपाल्याला हवामानाधारित पीक विमा योजना लागू होते, परंतु केवळ अधिसूचित पिकांना व अधिसूचित क्षेत्रांत. पॉलीहाऊसचा सांगाडा आणि कागद या पीक विम्यात येत नाहीत. त्यांचा विमा स्वतंत्रपणे उतरवावा लागतो. कर्ज काढून उभारणी केली असल्यास बँकेने असा विमा घेतला आहे का, हे कर्जाच्या कागदपत्रांत तपासावे.

शासकीय मदतीसाठी छत्तीसगडमध्ये राजस्व पुस्तक परिपत्रकातील ६-४ हे प्रकरण लागू असून ३३ टक्के किंवा अधिक पीकहानी हा त्याचा निकष आहे. महाराष्ट्रात जे काम तलाठी करतात, ते येथे पटवारी करतात. पंचनामा होईपर्यंत मोडलेला सर्व माल फेकून देऊ नये. तथापि रोपे वाचविण्याचे काम त्यासाठी थांबविण्याचेही कारण नाही. छायाचित्रे, मोडलेल्या झाडांची ओळीनुसार मोजणी आणि खरेदीच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात.

मावळचा धडा आणि पुढची तयारी

छप्पर लगेच मिळत नाही, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले. फुलशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या मावळ तालुक्यातील पॉलीहाऊसचे त्यात मोठे नुकसान झाले. टाळेबंदीमुळे आधीच अडचणीत आलेल्या फूल उत्पादकांवर हा दुसरा आघात होता. एखाद्या भागातील अनेक पॉलीहाऊस एकाच दिवशी फाटतात, तेव्हा कागद, स्प्रिंग आणि ते बसविणारे कारागीर यांची मागणीही एकाच दिवशी येते. ज्याच्या गोदामात शेडनेटची गुंडाळी, बांबू आणि सुतळी आधीच असते, त्याचे पीक तग धरते.

लहान फाटी मात्र लगेच जोडता येतात. त्यासाठी अतिनील किरणे सोसणारी खास चिकटपट्टी वापरावी. साधी पॅकिंगची पट्टी उन्हात काही दिवसांतच सुटते. कागद पुसून कोरडा करावा आणि पट्टी आतून व बाहेरून अशी दोन्ही बाजूंनी लावावी.

नवी उभारणी करताना वाऱ्याचा भार विचारात घेणे अनिवार्य आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात रायपूरसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग प्रतिसेकंद ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. भिलाई तेथून ३० किलोमीटरच्या आसपास आहे. हरितगृहाची रचना व बांधणी यांसाठी भारतीय मानक १४४६२ उपलब्ध आहे. वाऱ्याच्या मुख्य दिशेला शेवरी, बांबू किंवा सुरू यांची वारारोधक रांग, दरवर्षी मार्चपूर्वी स्प्रिंग व नट-बोल्टची तपासणी आणि पायाभोवतीची माती घट्ट करणे ही कामे कमी खर्चाची आहेत.

हवामान विभागाचे रायपूर केंद्र वादळाचा तात्कालिक इशारा जारी करते; ‘मेघदूत’ ॲपवर कृषी सल्ला आणि ‘दामिनी’ ॲपवर विजेची सूचना मिळते. इशारा मिळताच बाजूचे पडदे व दारे पूर्ण बंद करावीत आणि माणसांनी पॉलीहाऊसमधून बाहेर पडावे. वेग आवाक्याबाहेर गेल्यास कागद फाटू देणे हे सांगाडा वाकण्यापेक्षा कमी नुकसानीचे असते. कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो, सांगाडा मात्र दीर्घकाळासाठी उभारलेला असतो.

पिकानुसार सल्ल्यासाठी दुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्यांना जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, उद्यानविद्या विभाग, रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आणि पाटण तालुक्यातील सांकरा येथील महात्मा गांधी उद्यानविद्या व वनशास्त्र विश्वविद्यालय यांच्याशी संपर्क साधता येतो.